माधोजींची दिवेलागण

माधोजींवर माझा अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करू लागलो, की वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. कौतुक तर करावंच लागेल. ज्याच्यात कौतुक करण्यासारखं काहीच नाही, त्या माणसाने फसवलं तर फार लागत नाही. आपण दोन शिव्या हासडतो आणि कामाला लागतो. माधोजींना शिव्या घालायला बसलो की जीभ अडते. इतकी वर्षं झाली, तरी अडते.

तेव्हा समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडची रुई विलायतेला जाईना, म्हणून विलायतेला एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांशिवाय दुसरं काही दिसेना. एरवी आठवड्याच्या बाजाराला येणारी माणसं रोज येऊ लागली. ज्यांना रुई आणि सरकी यांतला फरक ठाऊक नव्हता, ते मुंबईचा भाव सांगू लागले. आमच्या शेठजींचं आवार गावाच्या कडेला होतं. मध्यभागी मोठा काटा, एका बाजूला मोकळ्या रुईचे ढीग, दुसऱ्या बाजूला बांधलेल्या गठाणी. काट्यावर मुख्य माधोजी आणि त्यांच्या हाताखाली आम्ही पाच-सहा जण. मी वजनं चढवायचो आणि उतरवायचो. वाचून वाटतं तेवढं ते काम सोपं नव्हतं.

माधोजी अंगाने सडसडीत, जरा पुढे वाकलेले. भुवया दाट होत्या आणि हंगामभर त्यांत रुईचे तंतू अडकलेले असायचे, त्यामुळे भर तारुण्यात ते म्हातारे दिसायचे. दिवस मावळायला आला, की ते हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, ओल्या बोटांनी भुवया साफ करायचे, उपरणं झटकून पुन्हा घडी घालून खांद्यावर टाकायचे आणि आवाराचं फाटक ओढून घ्यायचे. फाटक लागलं की काटा बंद. यामागे दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. रुईच्या आवारात दिवा लावायचा नाही, हे एक. आणि अंधार पडला की रुई हवेतला ओलावा ओढते, वजन खोटं येतं, हे दुसरं. पण माधोजींना तिसरं कारण जास्त आवडायचं. ते म्हणायचे, "दिवस शेठचा, दिवेलागण घरची."

दिवस शेठचा म्हणजे कसा, ते पाहण्यासारखं होतं. काट्याचा खांब चांगला उंच होता. त्याची सावली जिथून जिथून सरकायची, तिथे माधोजींनी जमिनीत दगड पुरून त्यांना चुना लावला होता. सावली अमक्या दगडाला लागली की पाणी प्यायचं, अमक्याला लागली की भाकरी सोडायची, अमक्याला लागली की नवी गाडी आत घ्यायची नाही. सूर्य जसजसा सरकेल, तसे ते दगड उपटून पुन्हा लावायचे आणि ते काम कोणाला करू द्यायचे नाहीत. या दगडांमुळे आमच्याकडे जेवढं काम व्हायचं, तेवढं दुप्पट माणसं असलेल्या आवारात होत नसे. घाई मात्र कोणी करत नसे. घाई केलेली माधोजींना खपायचीच नाही.

एकदा भातकुलीकडचा एक पाटील गाड्या घेऊन आला. आडदांड माणूस, आवाज मोठा. रांगेत उभं राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. काट्यापाशी येऊन तो गरजला, "माहा काटा काहून लागत नाई अजून?"

माधोजींनी मान वर केली नाही. पारड्याकडे पाहत म्हणाले, "पाटील, थो दगड दिसते काय? सावली त्याले लागली का तुमचा काटा. तोवर बैल सोडा, जेवा, लवंडा जरासे. इथं उभं राहून सावलीले ढकलून राहिले काय तुमी?"

सगळे हसले. पाटीलही नाइलाजाने हसला आणि जाऊन झाडाखाली आडवा झाला. सावली दगडाला टेकली तेव्हा माधोजींनी स्वतः जाऊन त्याला उठवलं. पुढच्या खेपेला हाच पाटील नव्या लोकांना दगड दाखवत होता. जणू ते त्यानेच लावले होते.

शेठजींनी पुढे मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ आणवलं. सगळं गाव पाहायला आलं. माधोजींनीही पाहिलं, ठोके ऐकले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "घड्याळ शेठचं हाय. थे शेठ म्हणन तसं चालन. सावली कोणाच्या बापाची नाई." मला हे इतकं पटलं, की मी घरी जाऊन बायकोला, राधाला, जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसांत मी माधोजींची वाक्यं घरी नेत असे. कोणी बाजारातून रेवड्या नेतं, तसं.

आणखी एक वाक्य होतं, ते तर मला मंत्रासारखं पाठ होतं. कोणी काट्यावर घरची कुरकुर आणली, किंवा घरी जाताना कापसाचा भाव काढला, की ते म्हणायचे, "अर्धं मन काट्यावर अन् अर्धं घरी ठेवलं, का दोन्हीकडं खोटं वजन येते."

फाटक लागल्यावर ते काट्याचं नावसुद्धा काढू देत नसत. कोणी मागून हाक मारली, तर वळत नसत. एकदा खुद्द शेठजी त्यांना रस्त्यात आडवे आले. कोठीची किल्ली कुठे ठेवली, एवढंच विचारायचं होतं. माधोजींनी वाकून रामराम केला, शेठाणींच्या गुडघ्याची चौकशी केली, पावसापाण्याचं बोलले, आणि किल्लीचं नाव निघताच म्हणाले, "काट्यावरचा माधोजी आत बंद हाय, शेठजी. सकाळी फाटकाबरोबर उघडन." शेठजी पोट धरून हसले. किल्ली त्यांना सकाळीच मिळाली. दुसरा कोणी असता तर त्याला हाकललं असतं. पण सकाळी माधोजी पहिल्या गाडीच्या आधी हजर असत, आणि फाटक उघडल्यापासून लागेपर्यंत त्यांचं लक्ष कोणी दुसरीकडे गेलेलं पाहिलं नव्हतं. त्यामुळे शेठजीही गप्प बसत.

त्यांच्यामुळे मी दिवेलागणीला घरी पोचायचो. माझी मुलगी तेव्हा बोबडं बोलायची आणि माझी चाहूल लागली की उंबऱ्यावर येऊन बसायची. इतर आवारांतली माणसं अंधार पडल्यावर घरी येत, घाण्याच्या बैलासारखी. आमच्याकडे आळीतल्या बायका कौतुकाने बोट दाखवायच्या. राधा म्हणायची, "माधोजीचं भलं होवो." मीही तेच म्हणायचो.

मग भाव आणखी चढला. मुंबईची माणसं आमच्या आवारात मुक्काम ठोकून बसली. शेठजींनी काचेचे कंदील मागवले आणि एके सकाळी जाहीर केलं, की आता रात्रीही काम चालेल. आम्ही सगळे माधोजींच्या तोंडाकडे पाहू लागलो. माधोजी कंदील हातात घेऊन सगळीकडून पाहत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "शेठजी, ह्याची काच फुटली का आवारात तुमी राहणार नाई अन् आमीबी नाई. मोकळ्या रुईपाशी मी हा येऊ देणार नाई. मले काढायचं असंन तं काढा."

काढलं नाही. शेवटी असं ठरलं, की काटा दिवसाच चालेल. पण फाटकाबाहेरच्या पडवीत कंदील टांगून तयार गठाणी गाड्यांवर चढवायच्या. आळीपाळीने चौघा-चौघांनी थांबायचं. एवढं तरी माधोजींनी वाचवलं, म्हणून आम्ही त्यांना खांद्यावर घ्यायचेच बाकी होतो. पहिल्या काही पाळ्या त्यांनी स्वतः केल्या.

नंतर एका दुपारी भाकरी खाताना ते जरा अडखळले. माधोजींना मागायची सवय नव्हती. जमिनीकडे पाहत बायकोबद्दल म्हणाले, "सरूले दिवस गेले हायत. पयले तिघं राहिले नाई. सुईण म्हणते, दिवेलागणीले तिले घेरी येते, जीव घाबरते, कोणीतरी जवळ पाह्यजे. घरी दुसरं कोणी नाई." पुढचं त्यांना बोलावं लागलंच नाही. मी म्हणालो, "तुमची पाळी मी करीन." माझ्यामागून बाकीच्यांनीही म्हटलं. ठरलं, की सरूबाई मोकळी होईपर्यंत माधोजींची पाळी आम्ही वाटून घ्यायची आणि त्यांनी फाटक लागताच घरी जायचं. माधोजींनी माझा हात दाबला. "तुमच्या घरच्यायले म्हणा, माह्या नावानं बोटं मोडू नका," म्हणाले.

राधाने बोटं मोडली नाहीत. उलट तीच म्हणाली, "करा तुमी. बिचारीचं एक तं जगू द्या."

त्या हंगामात मी माझी मुलगी बहुतेक झोपलेलीच पाहिली. सकाळी निघताना झोपलेली, परत यायचो तेव्हा झोपलेली. पण मला त्याचं वाईट वाटायचं नाही, खरंच सांगतो. कारण माधोजी रोज सकाळी आम्हाला बातमी द्यायचे. "काल दिवेलागणीले गेलो तं अंगणात बसली होती." "काल मीच चूल पेटवली, तिले उठू नाई देलं." "काल मले म्हणे, तुमी आले का घेरी येत नाई." हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहायचो. आपल्या संध्याकाळी कुठे लागल्या, ते कळायचं. रात्री गठाणी उचलताना कंबर मोडायची; पण एका घरात एक बाई धीर धरून बसली आहे आणि तिचा नवरा तिच्याजवळ आहे, एवढ्यावर काम ओढलं जायचं.

त्या दिवशी माझी पाळी होती. माधोजी हात धुऊन, उपरणं टाकून कधीचे गेले होते. कंदील नुकता टांगला होता आणि पहिली गाडी लागत होती, एवढ्यात राधा धावत आली. पदराचं भान नव्हतं. सरूबाईचं घर आमच्या मागच्याच आळीत, त्यामुळे तिला आधी कळलं होतं.

"माधोजीले पाठवा लवकर," ती म्हणाली. "सरूबाईले कळा सुरू झाल्या. मूल पायाळू हाय म्हणते सुईण."

मी म्हणालो, "माधोजी तं घरीच गेले."

"कोणत्या घरी?" राधा म्हणाली. "थे दिवेलागणीले कधी येतात घरी? सरूबाई आत्ता म्हणे, रोज अंधार पडल्यावर येतात. तुमी सगळे लवकर पळता अन् तुमच्या पाळ्या त्यायच्या गळ्यात टाकता, म्हणून. माह्याशी धड बोलतबी नव्हती ती एवढे दिवस."

माझ्या हातातला दोर सुटला. गाडीवाला ओरडला, ते आठवतं. राधा माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. मी रोज तिला सांगून राबत होतो. म्हणून खोटं कोण बोलतंय, हे आम्हाला एकमेकांना विचारावं लागलं नाही.

मी आधी सरूबाईच्या घरी गेलो. सुईण दारातच भेटली. म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, बडनेऱ्याला एक जाणती बाई आहे, गाडीत घालून तिच्याकडे न्या. शेजाऱ्याने बैल जुंपलेसुद्धा. पण सरूबाई उठायला तयार नव्हती. घरात वडीलधारं कोणी नाही, नवऱ्याला न सांगता उंबरा कसा ओलांडायचा? आणि तिची पक्की खात्री होती, की आवारात निरोप पोचला, की तो माणूस येणारच. "थे येऊ द्या," एवढंच ती म्हणत होती. "काट्यावर हायत. निरोप गेला का येतीनच."

मी तिला काय सांगणार होतो? बाहेर आलो आणि पळत सुटलो. बाजार पाहिला, देवळाचा पार पाहिला, दुसऱ्या शेठची आवारं पाहिली. मग नाल्याच्या काठाने माळ्यांचे बगीचे आहेत, तिकडून हाका मारत गेलो. "माधोजी! ओ माधोजी!" अंधार पडत होता. कुंपणाआड कोणाची मोट थांबली होती. दम लागला म्हणून एका ठिकाणी उभा राहिलो, पुन्हा हाक मारली, आणि ओ आली नाही म्हणून परत फिरलो.

परत येईपर्यंत सरूबाईची शुद्ध गेली होती. तेव्हा कुठे तिला गाडीत घालायचं ठरलं. पण तिला उचलण्याआधीच मूल बाहेर आलं. मुलगा होता. रडला नाही. सुईणीने जे जे करतात ते सगळं केलं. नंतर तिने त्याला फडक्यात गुंडाळलं आणि कोणाच्याच तोंडाकडे न पाहता बाजूला ठेवलं. सरूबाई मात्र वाचली.

थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. मी आत भिंतीला टेकून उभा होतो. माधोजी आले, दमल्या माणसासारखे पाय ओढत. दारातूनच, आत न पाहता म्हणाले, "आजबी शेठनं सोडलं नाई, सरू."

मग त्यांना मी दिसलो.

मी तिथे उभा होतो, एवढं पुरेसं होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग सुईणीकडे, मग त्या फडक्याकडे. सरूबाई शुद्धीवर आलेली होती. त्यांचं वाक्य तिने ऐकलं होतं, आणि शेठने त्यांना कधीच सोडलं होतं, हे तिला ठाऊक होतं; शुद्धीवर येताच तिने त्यांना विचारलं, तेव्हा राधाच्या तोंडून ते निघून गेलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून आवारात एकच विषय. कोणी म्हणालं, बाई असणार. कोणी म्हणालं, पत्ते. एक जण तर शपथेवर सांगत होता, की माधोजी संध्याकाळी दुसऱ्या शेठकडे काटा धरतात. मी मनातून यातलं काहीही मान्य करायला तयार होतो. फसवलं ते फसवलं. पण कशापायी, एवढं कळलं असतं, तर राग ठेवायला जागा मिळाली असती.

कळलं ते भाजीवालीकडून. पार्वती नावाची माळीण आमच्या आळीत रोज भाजी घेऊन यायची. तिने राधाला सहज सांगितलं, "थे काट्यावाले बुवा न? थे तं रोज दिवेलागणीले आमच्या विहिरीवर येऊन बसत. मोटेच्या दगडावर."

राधाने विचारलं, "काय करत तिथं?"

"काईच नाई करत. बोलत नाई, चिलीम ओढत नाई, देवाचं नाव घेत नाई. मी एकदा इचारलं, काही पाह्यजे काय, तं म्हणे, नाई, बसू दे जरासं. चांदण्या निघाल्या का उठून जात."

हे सरूबाईपर्यंत राधानेच नेलं. न्यावं लागलं, कारण गावातल्या बायका तिला विचारून विचारून हैराण करत होत्या, की माधोजींची ती दुसरी बाई कोण आहे. सरूबाईने सगळं ऐकून घेतलं. राधा म्हणते, ती रडली नाही, फक्त तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. मग म्हणाली, "बाई असती तं मी समजली असती. भांडली असती तिच्याशी, झिंज्या ओढल्या असत्या. आता कोणाशी भांडू? माह्यापाशी बसण्यापरीस त्यायले नुसतं बसणं बरं वाटे." महिना व्हायच्या आत तिचा भाऊ आला आणि तिला भातकुलीला घेऊन गेला. माधोजी गाडीपर्यंत आले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मलाही ते विहिरीवरचं बसणंच जास्त लागलं. मी माझी मुलगी झोपलेली पाहिली, ती एका बाईला धीर मिळावा म्हणून. त्या संध्याकाळी काही मोटेच्या दगडावर रिकामं बसायला दिलेल्या नव्हत्या. तिकडे घरात शेठचं नाव सांगायचं, इकडे काट्यावर बायकोचं नाव सांगायचं, आणि मधली वेळ दोघांपासून चोरून न्यायची! बरं, मागून पाहायचं होतं. "मले घटकाभर एकटं बसू द्या," असं म्हणून पाहायचं होतं. आम्ही हसलो असतो, हे खरं. सगळं आवार हसलं असतं. हसून झाल्यावर ती घटका दिलीही असती कदाचित. पण त्यांनी आम्हाला ती संधीच दिली नाही. वर सकाळी येऊन, सरू अंगणात बसली होती, असं रंगवून सांगायचं! त्या बातम्या आठवल्या, की अजून माझे कान तापतात. आम्ही त्या ऐकून समाधानाने एकमेकांकडे पाहायचो. किती मूर्ख दिसत असू त्यांना.

माधोजींनी काटा सोडला. निरोप घेतला नाही. सावलीचे दगड त्यानंतर कोणी हलवले नाहीत, त्यामुळे पुढच्या ऋतूत ते चुकीची वेळ दाखवू लागले, आणि आम्ही शेठजींच्या घड्याळावर आलो.

मग लढाई संपली. भाव पडला, तो असा, की मुंबईची माणसं उधार घेतलेली घोंगडी परत न करता निघून गेली. आगगाडी आली, अकोल्याला स्टेशन झालं, आणि जे काम राहिलं होतं ते हळूहळू तिकडे सरकलं. एकदा शेठजींनी मला गठाणींबरोबर अकोल्याला पाठवलं. तिथल्या आवारात शिरलो आणि काट्यापाशी मला त्या भुवया दिसल्या. आता रुईची गरज नव्हती; त्या तशाच पांढऱ्या होत्या.

ते मुख्य नव्हते. पडेल ते काम करणारे साधे गडी होते. मी जरा लांबून पाहत उभा राहिलो. कोणीही कुठूनही हाक मारली, की माधोजी सगळ्यांच्या आधी "आलो" म्हणायचे. नाव पुरतं घेऊन व्हायच्या आत. हातातलं काम तिथेच टाकून निघायचे, वाटेत दुसरी हाक आली की तिकडे वळायचे, आणि दोन्ही कामं अर्धी राहायची. तिथला मुकादम मला म्हणाला, "म्हातारा चांगला हाय, पण नुसती धावपळ. घरीबी जात नाई. इथंच गठाणीवर झोपते." मी माझी ओळख सांगितली नाही.

पण त्यांनी मला ओळखलं. दुपारी जरा काम थांबलं तेव्हा मला बाजूला नेऊन गठाणीवर बसवलं, पाणी दिलं. सगळ्यांची चौकशी केली. माझी मुलगी किती मोठी झाली, हे विचारलं. मी तुटक उत्तरं देत होतो. सगळ्यात शेवटी म्हणाले, "सरू?"

"बरी हाय," मी म्हणालो. "भावाच्या घरी राबते. वेचणीले जाते."

त्यांनी मान हलवली. हाताने गठाणीवरचा दोर चाचपत राहिले. म्हणाले, "त्या दिवशी तुमी नाल्याच्या काठानं आले होते. कुंपणापाशी दम घेतला तुमी."

मला आधी उलगडा झाला नाही. "तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणं कशाले सांगन? आयकलं मी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तुमी अलीकडं होते, मी पलीकडं विहिरीवर. आवाज ओळखला तुमचा. मले वाटलं, काटा अडला असंन, नाई तं गाडी उलटली असंन. म्हटलं, फाटक लागलं हाय, आता कायले जायचं? दुसऱ्यांदा हाक मारली तुमी, तवा उठलो बी होतो मी. मंग म्हटलं, नाई. एकदा गेलो तं रोज बोलावतीन. अन् बसलो."

मी त्या कुंपणापाशी उभा होतो. मला आठवत होतं. हात लांब केला असता तर कुंपणाची डहाळी बाजूला झाली असती आणि ते मला दिसले असते. घर तिथून धावत गेलं तर जवळ होतं, बैल जुंपलेले होते, आणि सरूबाई शुद्धीवर होती.

"हे तिले माहीत नाई," माधोजी म्हणाले. "तिले वाटते, मले आयकूच आलं नाई. तुमी सांगा तिले. माह्यानं नाई होत."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं जे पोटात होतं, ते सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, "माधोजी, तुमच्या वाटणीचं लय काम केलं मी. हे नाई करणार. भातकुली काई विलायतेत नाई. तुमीच जा, तिच्यासमोर उभे राहा, अन्…"

एवढ्यात आवाराच्या फाटकातून कोणीतरी ओरडलं, "अरे, हाय काय कोणी तिकडं?"

नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. फाटकाजवळ तीन धडधाकट गडी उभे होते. त्यांच्यातला एकही हलला नाही. माधोजी मात्र "आलो, आलो" म्हणत उठले. माझं वाक्य अर्धंच राहिलं. एक पाय ओढत, पण जवळजवळ धावतच, ते गठाणींच्या मधून फाटकाकडे गेले आणि एका गाडीचं चाक खड्ड्यातून काढायला खांदा लावू लागले.

मी बसून राहिलो. ज्या हाकेला ओ द्यायची होती तिला दिली नाही, आणि आता ते कोणाच्याही हाकेला ओ देत सुटले होते, म्हणून काही मला त्यांची दया आली नाही. आली असेल तर थोडी. जास्त वाटलं ते हे, की या माणसाने पुन्हा आपल्या वाटणीचं माझ्याकडे टाकलं आणि तो निघून गेला. भातकुलीची वाट माझ्या घरावरून जाते. सरूबाई बाजाराला आली की राधापाशी बसते, माझ्याशीही बोलते, आणि कधीकधी स्वतःहूनच म्हणते, की आयकू आलं असतं तं आले असते थे.

स्टेशनावर जायची वेळ होईपर्यंत मी त्या गठाणीवर त्यांची वाट पाहिली. ते चाक निघालं, मग दुसरी गाडी आली, मग कोणीतरी त्यांना आत बोलावलं. मी उठून निघेपर्यंत ते परत आले नाहीत.